कोरी कुपी

तुर्भ्याला, कांदा-बटाटा बाजाराच्या मागे
आमची प्रयोगशाळा.
पाटी लहान आहे.
टेम्पोवाले "ते किरणवालं" म्हणतात.

मी पाणी करते.
म्हणजे तीनदा वाफ, तीनदा थेंब.
तिसऱ्या खेपेला ते कुणाचंच उरत नाही,
ना मोरबे धरणाचं, ना नळाचं.
मग त्यात हिराकस, मोजून गंधकाम्ल
आणि किंचित मीठ.

मीठ कशाला, हे केळुसकर बाईंनी
माझ्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
"दृष्ट लागू नये म्हणून."
मग चष्मा पुसत खरं सांगितलं.
पाण्यात बोटाचा, तेलाचा, धुळीचा अंश राहिला
तर लोह उगाच वाढवून बोलतं.
मीठ त्याला आवरतं. बहुतेक वेळा.

कुप्या भरायच्या, ज्योतीवर तोंडं मिटायची,
गोणींच्या मधोमध ठेवायच्या, कडेला, तळाशी.
गोणी आत जातात, भिंतींच्या आत,
आणि कोबाल्ट हौदातून वर येतो.
ते कुणी पाहत नाही.
पाहायला आत कुपीच असते फक्त.

बाहेर येते तीही नितळच.
नवी पोरं हिरमुसतात,
त्यांना वाटलेलं असतं लाल होईल, निळी होईल.
लोहाने एक इलेक्ट्रॉन गमावलाय, एवढंच.
आमच्या फाटकाचं हेच करायला
खाडीच्या वाऱ्याला आठ वर्षं लागली.
इथे चाळीस मिनिटं.
आणि तेही जांभळ्याच्या पलीकडे,
तीनशे चार नॅनोमीटरवर विचारलं
तरच सांगते.

मार्चमधली गोष्ट.
डुंबरे शेठचा ओतूरचा कांदा,
कोंब धरू नये म्हणून नव्वद ग्रे.
एकाच कोपऱ्यातल्या तीन कुप्या:
एक्याण्णव.
नव्वद.
एकशे सव्वीस.

शेठचा फोन.
"कोंब येणार नाही ना? मग सोडा की, मॅडम.
कांदा काय परीक्षेला बसलाय?"
मी म्हटलं, कांदा नाही. मी बसलेय.

यंत्र पुन्हा लावलं. तापमान पाहिलं.
एकशे सव्वीस.
हर्षाली शेजारी उभी होती, नवीनच,
दिवाळे गावाहून येते.
तिने तळवा उघडून दाखवला,
जणू त्यात काही लपवलं होतं.
घाईत कुपीच्या तोंडावरून बोट फिरवलं होतं तिने,
आणि सकाळी आईने
डोक्याला खोबरेल चोपडलं होतं.

म्हणजे वरचे छत्तीस
कोबाल्टचे नव्हतेच.
पाण्याने मोजला होता
वेणी घालणारा एक हात.

वहीत मी लिहिलं: बाद. कारण, सेंद्रिय अंश.
ह्याहून वेगळा रकाना नाही.
त्या कोपऱ्यासाठी नव्या कुप्या,
नव्या गोणी, पुन्हा फेरी.
शेठ चारपर्यंत बोलला नाही, मग चहा पाठवला.

फळीवर एक कुपी असते, कोरी,
जी कधीच आत जात नाही.
तिचा आकडा रोज सकाळी घ्यायचा
आणि बाकी सगळ्यांतून वजा करायचा.
तीही बदलते.
नुसती उभी राहून, हवेने, थोडी थोडी.
त्याला कुणी डोस म्हणत नाही.
माझ्या छातीवरचा बिल्ला
एकोणीस वर्षं दर तिमाहीला शून्य सांगतो.
मी सही करते.

दुसऱ्या दिवशी हर्षाली टोपी घालून आली,
कोपरापर्यंत हात धुतलेले.
आईला सांगितलंस का, विचारलं.
"सांगितलं, मीठ कमी पडलं म्हणून."
मग?
"म्हणाली, कंच्या कालवणात?"